'माय फेअर लेडी' : मूर्ती, मूर्तिकार आणि वाणी

ग्रीक देवतांची देवळे ओस पडून दीड हजार वर्षे होऊन गेली. त्यांच्या कथा मात्र ओस पडल्या नाहीत. पुजारी गेले तरी कवी, चित्रकार आणि नाटककार यांनी त्या देवतांचा संसार चालू ठेवला, आणि विसाव्या शतकात ही वहिवाट चित्रपटाकडे आली. झां कॉक्तो याने १९५० साली 'ओर्फे' या चित्रपटात ऑर्फियसला कवींच्या कॅफेत आणून बसविले; मार्सेल कामू याने १९५९ साली 'ब्लॅक ऑर्फियस'मध्ये त्यालाच रिओ द जानेरो शहरातील ट्रामचा कंडक्टर केले. या दोन्ही चित्रपटांत मृत्यू मनुष्यरूप घेऊन वावरतो, त्यामुळे आपण पुराणकथेच्या प्रदेशात आहोत हे प्रेक्षकास विसरता येत नाही. १९६४ सालच्या 'माय फेअर लेडी'ची गोष्ट निराळी आहे. तीत देव नाही, चमत्कार नाही, शिल्पकाराची छिन्नीही नाही. आहेत ते केवळ उच्चार. तरीही या तिन्ही चित्रपटांत पुराणकथेशी खरा वाद जर कोणी मांडला असेल तर तो याच चित्रपटाने, आणि तो वाद अर्ध्यावर सोडून पळ काढला तोही यानेच, असे माझे मत आहे.

मूळ कथा थोडक्यात अशी. सायप्रस बेटावर पिग्मॅलियन नावाचा शिल्पकार होता. प्रत्यक्षातील स्त्रिया त्याला सदोष वाटत, म्हणून त्याने हस्तिदंताची एक निर्दोष स्त्री घडविली आणि तो तिच्यावरच अनुरक्त झाला. देवीच्या उत्सवात त्याने आपल्या मूर्तीसारखी पत्नी मागितली. देवीने त्याच्या मनातले ओळखले आणि मूर्ती सजीव झाली. ओव्हिड या रोमन कवीने आपल्या काव्याच्या दहाव्या सर्गात ही कथा सांगितली आहे. तिच्यात लक्षात ठेवण्याजोग्या दोन गोष्टी आहेत. एक, त्या मूर्तीला ओव्हिडने नावच दिलेले नाही. 'गॅलेटिया' हे नाव पुष्कळ शतकांनंतर तिला चिकटले. दुसरी, सजीव झाल्यावर ती लाजते, डोळे उघडते, पुढे माताही होते, परंतु एक अक्षरही बोलत नाही. मूर्तिकाराचे सुख तिच्या मौनावर उभे आहे.

ही कथा देवालयांशी नाते असलेल्या आपल्यासारख्या वाचकांनी ऐकली की त्यांच्या मनात सहजच एक शंका येते. दगडाला किंवा धातूला चैतन्य येते ही कल्पना आपल्याला नवी नाही. प्राणप्रतिष्ठेचा विधी आपण पाहिला आहे. जलाधिवास, धान्याधिवास होऊन मूर्तीचे नेत्र उघडले जातात हे आपण जाणतो. परंतु नेत्र उघडले की आपल्याकडे काय होते? काल जिच्या अंगावर छिन्नी चालविली, तिच्याच पुढे शिल्पी हात जोडतो, दक्षिणा घेतो आणि निघून जातो. मूर्तीवर त्याचा हक्क उरत नाही. पिग्मॅलियन नेमके उलटे करतो. प्राण आल्यावर तो मूर्तीला आपल्या घरातच ठेवून घेतो.

वकिलीच्या व्यवसायातील माणसाला येथे एक निवाडा आठवल्यावाचून राहत नाही. कलकत्त्याच्या मलिक घराण्यातील एका कुलदेवतेच्या मूर्तीवरून वाद झाला. पूजेची पाळी आली की मूर्ती आपल्या घरी नेण्याचा हक्क आपल्याला आहे, असे एका सेवेकऱ्याचे म्हणणे होते. हे प्रकरण प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले, आणि १९२५ साली लॉर्ड शॉ यांनी निर्णय देताना असे ठरविले की, मूर्ती ही कोणाच्या मालकीची हलविता येण्याजोगी वस्तू नव्हे. कायद्याच्या दृष्टीने ती व्यक्ती आहे, तिच्या वास्तव्याविषयी तिच्या इच्छेचा मान राखला पाहिजे, आणि ती इच्छा न्यायालयापुढे मांडण्यासाठी तिला स्वतंत्र, निःस्वार्थी प्रतिनिधी दिला पाहिजे. सोळाव्या शतकात श्रीमंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळास आणि श्रीशांतादुर्गा केळशीहून कवळ्यास ज्यांच्या पूर्वजांनी नेली, त्यांना देवाच्या स्थलांतराचा प्रश्न किती हळवा असतो हे सांगावयास नको. त्या पूर्वजांचीही भाषा 'आम्ही देव हलविला' अशी नसते. 'देव आमच्याबरोबर आला' अशी असते.

योगायोग असा की, पिग्मॅलियनच्या कथेवर हाच आक्षेप ज्या नाटककाराने घेतला, त्याचेही नाव शॉ. जॉर्ज बर्नार्ड शॉचे 'पिग्मॅलियन' हे नाटक १९१३ साली व्हिएन्नात जर्मन भाषेत प्रथम रंगभूमीवर आले आणि पुढल्या वर्षी लंडनमध्ये. त्यावरून १९३८ साली लेस्ली हॉवर्ड आणि वेंडी हिलर यांचा चित्रपट निघाला. पटकथेसाठी शॉला ऑस्कर पारितोषिक मिळाले. १९५६ साली लर्नर आणि लो या जोडीने त्याचे संगीत नाटक केले, आणि त्याचा जॉर्ज क्यूकर याने केलेला चित्रपट म्हणजे 'माय फेअर लेडी'. त्यास आठ ऑस्कर पारितोषिके मिळाली. प्रोफेसर हेन्री हिगिन्स हा ध्वनिशास्त्रज्ञ कॉव्हेंट गार्डनच्या बाजारात फुले विकणाऱ्या एलायझा डूलिटल या मुलीचे उच्चार ऐकतो आणि बढाई मारतो की, सहा महिन्यांत मी हिला सरदारघराण्यातील स्त्री म्हणून मिरवून दाखवीन. कर्नल पिकरिंग हा हिंदुस्थानातील बोलींचा अभ्यासक त्याच्याशी पैज लावतो. पुढली कथा सर्वश्रुत आहे.

हिगिन्सच्या बाजूने आधी बोलले पाहिजे. उच्चाराची शुद्धी ही आपल्या परंपरेत थट्टेची बाब नाही. शिक्षाग्रंथांनी वर्णांची स्थाने आणि प्रयत्न यांचा विचार केला तो युरोपात ध्वनिशास्त्र जन्मण्याच्या कितीतरी आधी. 'इन्द्रशत्रु' या शब्दाचा एक स्वर चुकला आणि इंद्राला मारण्यासाठी आरंभिलेला यज्ञ इंद्राच्याच शत्रूवर उलटला, ही कथा वैदिकांच्या घरात मुलांना सांगितली जाई. परंतु त्या कथेत अशुद्ध उच्चारामुळे फसतो तो मंत्र; बोलणाऱ्या माणसाची जात किंवा किंमत त्यावरून ठरत नाही. पैठणच्या आख्यायिकेत ज्ञानदेवांनी रेड्याच्या मुखातून वेद वदविला, तेव्हा त्यांना रेड्याचे उच्चार सुधारावयाचे नव्हते. वेद कोणी म्हणावा हे ठरविणाऱ्यांचा अहंकार सुधारावयाचा होता. हिगिन्स विद्वान आहे, पण त्याला हा भेद उमगलेला नाही. तो एलायझाच्या स्वरांबरोबर तिचे माणूसपणही दुरुस्तीस काढतो.

येथे चित्रपटातील एका साध्या गोष्टीकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. हिगिन्स एलायझाला शोधीत जात नाही. ती आपल्या पायांनी त्याच्या घरी येते, आणि हातात पैसे घेऊन येते. तिला फुलांच्या दुकानात नोकरी हवी आहे, तेथे नीट बोलणारी मुलगी लागते, म्हणून ती धड्याचे शुल्क देऊन शिकावयास आली आहे. म्हणजे ती अशील आहे आणि प्रोफेसर तिचा सेवादाता. पाच मिनिटांत हे नाते उलटते. तिची फी नाकारली जाते, तिच्यावर पैज लागते आणि ती गिऱ्हाइकाची वस्तू होते. पुढे तिचा बाप येतो आणि पाच पौंडांवर आपला हक्क सोडून जातो. स्टॅन्ली हॉलोवेचा हा डूलिटल इतका विनोदी आहे की आपण हसत राहतो. पण हसून झाल्यावर विचार करावा. आपल्या १८७२ च्या करार कायद्याचे तिसावे कलम पैजेचा करार निरर्थक ठरविते, आणि माणसाची विक्री कोणताच कायदा मानीत नाही. कायद्याच्या नजरेने पाहता या घरात एलायझाविषयी झालेला एकही करार टिकणारा नाही. टिकणारा एकच प्रस्ताव होता. तो तिने स्वतः, पदरच्या पैशांनी केलेला होता, आणि तोच धुडकावला गेला.

दिग्दर्शकाला हे दिसत नव्हते असे नाही. चित्रपटाचे सर्वांत उत्तम प्रकरण वकिलातीतील नृत्यसमारंभानंतरचे आहे. समारंभात कारपाथी नावाचा भाषातज्ज्ञ एलायझाची परीक्षा घेतो आणि ती हंगेरीची राजकन्या आहे असा निर्वाळा देतो. तिचे इंग्रजी निर्दोष आहे म्हणून ती इंग्रज असणे शक्य नाही, हा त्याचा तर्क. शॉच्या तिरकस बुद्धीचा हा मासला पुरेसा आहे. शुद्ध भाषा ही कोणाचीच मातृभाषा नसते, असेच तो सुचवितो. घरी परतल्यावर हिगिन्स आणि पिकरिंग एकमेकांची पाठ थोपटतात. नोकरचाकर त्यांच्याभोवती नाचतात. आणि जिने पैज जिंकून दिली ती एलायझा, सेसिल बीटनने घडविलेल्या त्या वैभवशाली पोशाखात, कोपऱ्यात उभी असते. तिच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. ऑड्रे हेपबर्न येथे काहीच करीत नाही, नुसती उभी राहते, आणि तेवढ्याने सारे गाणेबजावणे फिके पडते. मूर्तीला प्राण आला आहे आणि मूर्तिकाराला ते ठाऊक नाही, हे दृश्य ओव्हिडला सुचले नव्हते.

परंतु आता ज्या गोष्टीकडे मला वाचकांचे लक्ष विशेषत्वाने वेधावयाचे आहे ती पडद्यावर दिसत नाही. रेक्स हॅरिसन याने हट्ट धरला की, आपली गीते आपण चित्रीकरणाच्या वेळी प्रत्यक्षच म्हणू. त्यासाठी त्याच्या पोशाखात बिनतारी ध्वनिग्राहक लपविण्यात आला. ऑड्रे हेपबर्न हिनेही आपली गाणी गाऊन मुद्रित केली होती, पण बहुतेक ठिकाणी तिचा आवाज काढून तेथे मार्नी निक्सन या गायिकेचा आवाज घालण्यात आला, आणि श्रेयनामावलीत निक्सनचे नाव आले नाही. वाणी हाच ज्या चित्रपटाचा विषय, त्यात प्रोफेसरचा आवाज त्याचा स्वतःचा राहिला आणि शिष्येचा आवाज दुरुस्त करण्यात आला. निर्मात्यांनी नकळत हिगिन्सचाच कित्ता गिरविला. हेपबर्नला त्या वर्षी ऑस्करचे नामांकनही मिळाले नाही. आणि रंगभूमीवर एलायझा गाजविलेल्या, परंतु चित्रपटासाठी वगळलेल्या ज्युली अँड्र्यूज हिला त्याच वर्षीचे पारितोषिक दुसऱ्या एका चित्रपटासाठी मिळाले.

उसना आवाज हा आपल्या देशात गुन्हा मानला जात नाही, आणि मीही तसे म्हणत नाही. पार्श्वगायन ही आपली मान्य रूढी आहे. दोष आहे तो गायिकेचे नाव झाकण्यात. आणि तो दोष आपल्याकडेही होता. १९४९ सालच्या 'महल' चित्रपटातील त्या प्रसिद्ध गाण्याच्या ध्वनिमुद्रिकेवर गायिका म्हणून आरंभी नाव छापले होते ते 'कामिनी', म्हणजे पडद्यावरील पात्राचे. ज्या गळ्यातून ते गाणे आले तो गळा लता मंगेशकर यांचा होता. इंदूर शहरात २८ सप्टेंबर १९२९ रोजी जन्मलेली आणि मंगेशीच्या देवावरून आडनाव धारण करणारी ही कन्या आपल्या दोन्ही गावांची. म्हणून तिचा दाखला येथे देणे अप्रस्तुत होणार नाही. लताबाईंनी स्वतः सांगितलेली हकीकत अशी की, मराठी माणसांच्या उर्दूला वरणभाताचा वास येतो असा शेरा दिलीपकुमार यांनी मारला; तो मनाला लागला, आणि त्यांनी उर्दूचा शिक्षक ठेवून उच्चार साधले. हीदेखील एलायझाचीच कथा आहे, पण सरळ मार्गाने गेलेली. येथे शिकणारीने शिक्षक निवडला, त्याचे वेतन दिले, विद्या घेतली. त्या शिक्षकाने लता घडविली असे कोणी म्हणत नाही. घरात ती दीनानाथांची मुलगी राहिली ती राहिलीच. उर्दू आली म्हणून मराठी गेली नाही, की कोकणी गाणी परकी झाली नाहीत.

मराठीत या कथेचा खरा अवतार चित्रपटात नव्हे, रंगभूमीवर झाला. पु. ल. देशपांडे यांचे 'ती फुलराणी' हे नाटक १९७५ साली आले. नाव बालकवींच्या कवितेवरून घेतलेले. भक्ती बर्वे यांनी मंजुळेची आणि सतीश दुभाषी यांनी प्रोफेसरांची भूमिका केली. पुलंनी शॉचे भाषांतर केले नाही; लंडनच्या कॉकनी बोलीला मराठीत थेट प्रतिशब्द नाही हे त्यांनी ओळखले होते. तेथे बोलीवरून वर्ग कळतो. आपल्याकडे 'न' आणि 'ण' यांच्या एका भेदावरून वर्ग, जात आणि गाव ही तिन्ही एकदम कळतात, किंवा कळतात असे ऐकणाऱ्यास वाटते. म्हणून मराठी नाटकातील थट्टा मूळ नाटकापेक्षा अधिक बोचरी आहे. आणि या नाटकातून जनतेच्या स्मरणात काय राहिले, तर प्रोफेसरांचा एकही धडा नव्हे. राहिले ते मंजुळेचे स्वगत, ज्यात ती आपल्या मूळच्या, न सुधारलेल्या बोलीत मास्तरांचा सूड कसा घ्यावयाचा याचे मनोराज्य करते. हिगिन्सवरील अशाच रागाचे गीत 'माय फेअर लेडी'तही आहे, आणि नवल असे की, हेपबर्नचा स्वतःचा आवाज चित्रपटात ज्या थोड्या जागी टिकला त्यांत या गीताचा भाग आहे. राग उसना घेता येत नाही, हे तेथील ध्वनिमुद्रकांनाही कळले असावे. भक्ती बर्वे यांच्या बाबतीत तर प्रश्नच नव्हता. रंगमंचावर राग, बोली आणि गळा, तिन्ही एकाच बाईची होती.

१९७५ हे साल या नियतकालिकाच्या वाचकांना दुसऱ्या एका कारणासाठी स्मरत असेल. त्याच वर्षी साहित्य अकादमीने कोकणी ही स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्य केली. डॉ. सु. मं. कत्रे यांनी कोकणीच्या घडणीवरील आपला ग्रंथ १९४२ सालीच प्रसिद्ध केला होता. तरी ती मराठीची बोली की भाषा, या वादात कित्येक वर्षे गेली. गोव्याचा राजभाषा कायदा १९८७ साली झाला, आणि १९९२ साली घटनेच्या आठव्या अनुसूचीत कोकणीला स्थान मिळाले. त्या वादातील भाषाशास्त्रीय बाजू येथे उकरून काढण्याचा माझा हेतू नाही. पण मराठी पक्षाच्या बोलण्यात अनेकदा जो सूर असे तो हिगिन्सचा होता, हे आता शांतपणे मान्य करावयास हरकत नसावी. 'तुला बोलावयास आम्ही शिकविले, तुझे पुराणकीर्तन आमच्या भाषेत होते, मग वेगळेपण कसले?' या युक्तिवादातील पूर्वार्ध पुष्कळसा खरा आहे. गोव्याच्या देवळांतून मराठी कीर्तने झाली, मराठी पोथ्या वाचल्या गेल्या, आणि त्या वाचणाऱ्यांनी घरी येऊन मुलांना कोकणीत निजविले. उत्तरार्ध मात्र त्यातून निघत नाही. शिकविणाऱ्याचे ऋण असते. त्याची मालकी नसते. गुरुदक्षिणा देता येते, गुरूला स्वतःस देऊन टाकता येत नाही.

इंदूरच्या मराठी माणसाला ही गोष्ट दोन्ही बाजूंनी कळते. होळकरांच्या काळापासून येथे स्थायिक झालेल्या घरांतील मराठीवर माळव्याच्या हिंदीचा रंग चढला आहे. 'तो येऊन राहिला आहे' असे आमच्याकडे सहज म्हटले जाते, आणि ते ऐकून पुण्याचा पाहुणा गालातल्या गालात हसतो. याच शहरात १९१७, १९३५ आणि २००१ या साली मराठी साहित्य संमेलने भरली, हे तो हसताना विसरतो. पण आम्हीही निर्दोष नाही. विजय नगरसारख्या नव्या वस्तीत मुलांनी घरातली बोली सोडून सफाईदार इंग्रजी बोलावे म्हणून आईबाप शिकवणीची फी आनंदाने भरतात. इंग्रजी शिकण्यास हरकत नाही. एलायझानेही नोकरीसाठीच पैसे पुढे केले होते. हरकत तेथे, जेथे शिकवणी संपल्यावर मुलगा आपल्या आजीला उत्तर देताना संकोचतो. शॉच्या नाटकात एलायझाला हाच पेच पडतो. बाजारात परत जाता येत नाही आणि बंगल्यात राहण्याचा हक्क नाही. आता माझे काय होणार, असे ती विचारते. हिगिन्सपाशी उत्तर नसते, कारण तिला 'नंतर' आहे हेच त्याने गृहीत धरलेले नसते.

या प्रश्नाचे उत्तर शॉने दिले होते. नाटकाला जोडलेल्या दीर्घ उपसंहारात एलायझा फ्रेडीशी विवाह करते आणि फुलांचे दुकान काढते. हिगिन्सशी तिचे नाते स्नेहाचे राहते, दास्याचे नव्हे. १९३८ च्या चित्रपटाने शॉच्या मनाविरुद्ध तिला हिगिन्सच्या दिवाणखान्यात परत आणले, आणि क्यूकरच्या चित्रपटाने तोच शेवट ठेवला. एलायझा दारात येते. हिगिन्स टोपी डोळ्यांवर ओढून खुर्चीत रेलतो आणि आपल्या सपाता कोठे आहेत असे विचारतो. प्रेक्षक सुखावतो. पण ज्या सपाता तिने याच घरात त्याच्या अंगावर भिरकावल्या होत्या, त्यांची चौकशी हा जर प्रेमाचा उद्गार असेल, तर मधले सारे प्रकरण कशासाठी घडले? एखाद्याने म्हणावे की, हेपबर्नच्या मुद्रेवर त्या क्षणी जे स्मित आहे ते शरणागतीचे नसून समजुतीचे आहे. असेलही. परंतु ते स्मित मुके आहे. पावणेतीन तास जिला बोलावयास शिकविले तिला शेवटचे वाक्य दिलेले नाही. ती पुन्हा हस्तिदंताची झाली आहे. ओव्हिडने केलेला अन्याय शॉने पुसला होता. चित्रपटाने तो पुन्हा लिहिला.

तरीही हा चित्रपट पाहावा, आणि मुलांना दाखवावा, असेच मी म्हणेन. त्याच्यासारखा पोशाखांचा, संवादांचा आणि सुरांचा मेळ क्वचित जमतो. शिवाय सदोष शेवटाची कलाकृती कित्येकदा निर्दोष कलाकृतीपेक्षा अधिक विचार करावयास लावते. पाहताना दोन जागा मात्र सोडू नयेत. एक, एलायझा पहिल्यांदा हिगिन्सच्या घरी येऊन पैसे पुढे करते ती. आणि दुसरी, समारंभानंतर ती कोपऱ्यात उभी राहते ती. पहिल्या जागी ती काय मागावयास आली होती हे ध्यानात ठेवले, तर दुसऱ्या जागी तिला काय मिळाले नाही हे कोणी समजावून सांगण्याची गरज उरत नाही. मूर्तीचे नेत्र उघडल्यावर आपला शिल्पी हात जोडून बाजूला होतो. हिगिन्सला तेवढे एक शास्त्र कोणी शिकविले असते, तर एलायझाला ते दार दुसऱ्यांदा ओलांडून आत यावे लागले नसते. किंवा ती आली असती ती पाहुणी म्हणून, आणि बसावयास खुर्ची आधी तिला मिळाली असती.